हाती शस्त्र

माननीय शिक्षणाधिकारी साहेब,

तुमच्या शाळेतले बत्तीस बाक, दोन कपाटं आणि तिसरीच्या वर्गातला फळा, ही सगळी माझ्या हातची कामं. फळा मी चार बोटं खाली बसवला, कारण तिसरीच्या बाई, म्हणजे माझी मुलगी, बुटकी होती. सुतारकी मला कुणी शिकवली नाही, तरी माझा काटकोन कधी चुकला नाही.

युद्ध लागल्यावर तुम्हीच तिला जखमी उचलायच्या पथकात धाडलंत. परवा तुमचा कारकून तिच्या स्मृतिफलकाचा मजकूर घेऊन आला: 'हाती शस्त्र घेऊन लढताना वीरमरण.'

मी म्हटलं, "तिच्या हातात स्ट्रेचर होतं."

"काका, स्ट्रेचर वाचून कुणाची छाती फुगते? साहेबांनी स्वतः लिहिलंय."

खोटं बोलणाऱ्या पोराला तुमच्याकडे बाकावर उभं करतात. तुमच्या मापाचा बाक मी अजून केलेला नाही.

स्ट्रेचरचं दुसरं टोक धरणारा कंपाउंडर मला भेटून गेला. बाँब पडायला लागले तसा तो ओरडला, "बाई, टाका आणि पळा." ती म्हणाली, "टाकायचं नाही, हळू ठेवायचं. त्याचं डोकं माझ्या बाजूला आहे." तो ठेवून पळाला. ती वाकलेलीच राहिली.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही यालाही शिक्का मारून फाईलला लावाल. कारकुनाला मात्र तोंडावर सांगितलंय. पाच फुटी फलक, त्यावर तुमची ओळ कोरायची, मजुरी चाळीस हजार रुपये. मी नाही म्हटलं.

तिसरीच्या बाईंचा बाप,
सुतार