राखणदार

दि. ४ जून

चि. पैलवानास अनेक आशीर्वाद.

अक्षर कोंबडीने पाय दिल्यासारखं दिसलं तर हसू नकोस. डाव्या हाताने लिहितेय, उजवं मनगट मोडलंय. फोन केला असता तर तू ओरडून माझे कान फोडले असतेस, म्हणून पत्र.

परवा एक चित्रकलेचे मास्तर लोखंडी गज घेऊन प्रयोगशाळेत घुसले. आधी सूक्ष्मदर्शक फोडला, मग फ्रीजरची काच. मी आडवी गेले तर गज मनगटावर बसला. हाडाचा आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. माझ्या लेखाने त्यांची बायको मारली, असं ते किंचाळत होते. तोच लेख, ज्याचा दाखला जगभरचे डॉक्टर देतात. आपल्याच रक्तातले राखणदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, चवताळून धमन्यांच्या भिंती फोडतात. त्यांना आवरलं की हृदय वाचतं. त्यावरून निघालेलं इंजेक्शन त्या बाई घेत होत्या. हृदय ठणठणीत झालं आणि चप्पल चावलेली जखम सडून बाई गेल्या.

मास्तर जामिनावर सुटलेत. तू इकडे यायचं नाहीस. गॅरेज सांभाळ आणि माझ्यावरची माया तिथूनच कर.

तुझी ताई

दि. ७ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत तुझी वही फाडणाऱ्याचे दात मी घशात घातले होते, आठवतंय ना? तेव्हा हातात नुसती पाटी होती, आता पाना असतो.

तुझ्या लेखाचं पहिलं पान मी फ्रेम करून गॅरेजात टांगलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ऑइल बदलायला आलेल्या प्रत्येकाला ते वाचावं लागतं, नाहीतर त्याची गाडी बाहेर पडत नाही. आणि हा मास्तर म्हणे खोटं पाडणार!

तुझी भावजय म्हणते, डोक्यात राख घालून घेऊ नका. बरं बाई, तुम्ही दोघी म्हणता तर नाही येत. हाताला जप, आणि लोभ जरासुद्धा कमी करू नकोस.

तुझा पैलवान

दि. १२ जून

चि. पैलवानास अनेक आशीर्वाद.

तू शब्द दिलास, जीव भांड्यात पडला. आता नीट ऐक. मास्तर खरं बोलत होते. बाईंच्या रक्ताचे नमुने मागवून मी स्वतः तपासले. राखणदार इतके जखडले होते की साध्या जखमेवरसुद्धा कुणी धावून गेलं नाही. आम्ही आमच्या रुग्णांना एकच वर्ष पाहिलं होतं. हा धोका त्यानंतर सुरू होतो. खूप रडले रे. पण रडून इंजेक्शन थांबत नाही.

काल त्यांच्या घरी गेले. मुलीने दार उघडलं. माझं प्लास्टर बघून मास्तरांनी तोंड झाकलं आणि ओक्साबोक्शी रडले. सोमवारी औषध समितीपुढे साक्ष द्यायला तयार झालेत. मी एकटी असले तर इंजेक्शन बनवणाऱ्या कंपनीचा वकील मला उभी सोलेल. ते सोबत असले तर इंजेक्शन थांबेल, हजारो माणसं वाचतील. त्यांच्या केसालाही धक्का लागता कामा नये, समजलं?

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी ताई

दि. १२ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

काम फत्ते! शब्द मोडला, हवं तर रागाव. तुझ्या प्रयोगशाळेच्या शिपायाकडून पत्ता काढला आणि आज त्याला घरात गाठला. पहिला पाना खांद्यावर. तुझं एक मनगट, त्याची दोन्ही मोडली, मग बरगड्या. तोंडातून रक्त येत होतं तरी ताईंना विचारा, ताईंना विचारा, असं बरळत होता. तुझं नाव त्याच्या तोंडात! शेवटचा जबड्यावर दिला, तेव्हा गप्प झाला. पोरगी माझ्या पायाला लोंबकळत होती, तिला झटकून निघालो.

आता तुझ्याकडे कुणी डोळा वर करून बघणार नाही. भाऊ असावा तर असा, एवढं तरी लिही.

तुझा पैलवान

दि. १७ जून

चि. पैलवानास,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मास्तर जिवंत आहेत, एवढंच. जबडा तारेने बांधलाय, शुद्ध नाही. मुलगी मला बघून भिंतीकडे तोंड करते.

सोमवारी मी एकटीच गेले. लेख मागे घेत असल्याचं समितीला वाचून दाखवलं. वकील म्हणाला, या माणसाने हात मोडला म्हणून बाई घाबरून लेख मागे घेताहेत, आणि त्याची मुलगी सांगते, बाईंच्या भावाने त्याला फोडून काढलाय. हे दोन घरांचं भांडण आहे, यात विज्ञान कुठे आलं? समिती उठून गेली. इंजेक्शन चालू आहे. आज सकाळीही कुणीतरी दंड पुढे केला असेल.

चवताळलेले राखणदार काय करतात, हे मी आयुष्यभर काचेखाली बघितलं. घरातला मला दिसला नाही. मेल्या, काय करून बसलास! राग इतका येतो की हे पत्र दोनदा फाडलं, आणि तरी तू जेवलास का, असं मनात येतंच.

तुझं पत्र मी पोलिसांना दिलंय. हे पोचायच्या आधी ते तुझ्यापर्यंत पोचतील. भावजयीने ती फ्रेम उतरवून ठेवावी. लेख मागे घेता आला. आशीर्वाद मागे घेता येत नाहीत, म्हणून देते.

तुझी ताई