लिफ्टवालीसाठी शिवलेलं पुस्तक

ती. मोठ्या मावशीस,

वाकून नमस्कार. (आशीर्वाद द्यायला उठू नकोस, गुडघे दुखतील, बसल्या जागेवरून दिलास तरी पोचेल.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, खरं काय ते पुढे कळेलच. तुझे गुडघे कसे आहेत? काकांनी कानाचं यंत्र लावायला सुरुवात केली, की ते अजून डबीतच आराम करतंय? पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डातला आरडाओरडा ऐकून तू निवृत्त झालीस आणि आता घरी स्वतःलाच ओरडावं लागतंय, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू पहिल्याच वाक्याला मला मुद्द्याचं बोलायला सांगतेस, आणि या वेळचा मुद्दा शेवटी सांगण्यासारखाच आहे.

माझ्या खालच्या मजल्यावरची मैत्रीण तुला आठवत असेल. लिफ्ट दुरुस्त करते ती. मागे तू आली होतीस तेव्हा आमची लिफ्ट मध्येच अडकली आणि जिने तुला पिशवीसकट वर ओढून काढलं, तीच. सगळी इमारत तिला लिफ्टवाली म्हणते आणि तीही त्याच नावाला ओ देते. तर लिफ्टवालीला दिवस गेलेत. नवरा बोटीवर स्वयंपाकी, आणि त्याची बोट परत येईल तेव्हा बाळ पालथं पडायला लागलेलं असेल. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं, तेव्हाही तो समुद्रावरच होता. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही, आणि एवढ्यावर आम्ही दोघी स्वतःला फार समंजस समजत होतो. या वेळी चौथा लागला तशी ती वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली की तू पुस्तकांतली बाई आहेस, मला यावरची चांगली पुस्तकं निवडून दे.

मी पुस्तकांतली बाई आहे ती कशी, हे तुला माहीत आहे. ग्रंथालयाच्या तळघरात बसून मी फाटकी पुस्तकं शिवते. एकवीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली असतील, पण त्यांतलं एकही मी वाचलेलं नाही. (औषधाच्या दुकानातला माणूस काही रोज औषधं खात नाही.) कणा बघून पुस्तक किती वर्षं टिकेल ते मी सांगते, आत काय आहे याची चौकशी मी कधी केली नाही. पण एवढ्या विश्वासाने मागितल्यावर हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, देते की, त्यात काय. दुसऱ्या दिवशी वरच्या दालनात गेले आणि गरोदरपणाच्या फळीवर होती ती अकराच्या अकरा पुस्तकं उचलून खाली आणली.

अकरा पुस्तकं म्हणजे एका घरात अकरा सासवा. एक म्हणते भरपूर चाल, दुसरी म्हणते पडून राहा, तिसरी म्हणते कसलीही काळजी करू नकोस आणि लगेच पुढची सव्वीस पानं काळजी करण्यासारख्या गोष्टी मोजून दाखवते. एका पुस्तकातल्या सगळ्या गरोदर बायका पांढरे कपडे घालून उघड्या खिडकीपाशी हसत उभ्या होत्या. (आमची बाई अजूनही ग्रीसने माखलेल्या कपड्यांत लिफ्टच्या डोक्यावर चढून बसते.) मी जेवणाच्या सुट्टीत वाचू लागले, मग कामाच्या वेळातही. पहिल्या आठवड्यात मला जळजळ सुरू झाली, दुसऱ्यात पायांवर सूज आली आणि तिसऱ्यात कंबर धरली. आमचे ग्रंथपाल फार सभ्य गृहस्थ, शिंकतानाही आधी इकडेतिकडे बघून घेतात. त्यांनी मला ती पुस्तकं वाचताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझी खळीची बादली स्वतः उचलून देऊ लागले. बांधणीच्या खोलीतल्या वस्तादांनी मला पाठ टेकायची खुर्ची आणून दिली, जी मी एकोणीस वर्षं मागत होते. माझं लग्न झालेलं नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे, पण कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही खुलासा केला नाही. खुर्ची खरंच फार चांगली आहे.

पण मावशी, थट्टा बाजूला ठेवून सांगते, मी थक्क झाले. तुला हे सगळं रोजचं होतं. मला चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. आईला पत्ता लागायच्या आधीच बाळाचं हृदय चालू झालेलं असतं. बोटांवरच्या रेषा पोटातच उमटतात आणि मग मरेपर्यंत त्याच. एके दिवशी नखांबद्दल वाचलं आणि माझा दाभण तसाच हवेत राहिला. लिफ्टवाली त्या वेळी कुठल्याशा आठव्या मजल्यावर दाराचे रूळ साफ करत होती, आणि तिच्या पोटात तिला काहीही न विचारता कोणीतरी नखं करत बसलं होतं. आणखी एका ठिकाणी लिहिलंय की पोटातली मुलगी असेल, तर तिला पुढे होणाऱ्या मुलांची बीजंही तिच्यात तेव्हाच तयार असतात. हे वाचून मी बोटांवर हिशेब केला. आई आजीच्या पोटात होती तेव्हा माझी निम्मी सोय तिथेच झालेली होती. तू तेव्हा पाच वर्षांची. म्हणजे आजीच्या पोटाला तू कान लावला असशील, तर थोडासा मलाही लावलास. त्या दिवशी माझ्या हातून एकही पुस्तक शिवून झालं नाही.

आता माझा गाढवपणा. अकराही पुस्तकांत मागे कुठेतरी ती प्रकरणं होतीच: रक्त जाणं, अंगावर सूज येणं, बाळाची हालचाल कमी होणं. ती वाचताना माझेच हातपाय गार पडायचे. जिचं एक मूल गेलंय तिच्या हातात ही पानं कशी द्यायची? दुसऱ्या कोणी काय केलं असतं माहीत नाही, पण मी बांधणीवाली. अकरांतली चार त्यातल्या त्यात बरी पुस्तकं दुकानातून नवी विकत आणली (ग्रंथालयाच्या प्रतींना मी कधी असा हात लावणार नाही), त्यांची शिवण उसवली, भीतीदायक भाग काढून टाकले आणि उरलेलं सगळं एका जाड पुस्तकात शिवलं. निळं कापड, रेशमी फीत, कण्यावर सोनेरी रेघ. इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. एकच पंचाईत अशी की पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवलेलं असतं. वाईट पान काढायचं तर त्याच्याबरोबर पंधरा निरपराध पानंही जातात. त्यामुळे एके ठिकाणी "अशा वेळी आईने ताबडतोब" इथे पान संपत होतं आणि पुढच्या पानावर "कोमट पाण्यात बुडवलेलं मऊ फडकं घेऊन कानामागे पुसावं" असं येत होतं. मला वाटलं, कोण एवढं लक्ष देणार?

लिफ्टवालीने पुस्तक हातात घेतलं, कापडावरून हात फिरवला, खूश झाली, आणि मागून उघडलं. यंत्राबरोबर येणारं पुस्तक त्यांच्या धंद्यात असंच वाचतात म्हणे, बिघाडाच्या पानापासून. ती म्हणाली, लिफ्ट नीट चालते तेव्हा काय होतं ते वाचून मी काय करू? तिने सूची काढली. (सूची काढून टाकायचं मला सुचलंच नव्हतं, कारण मी जन्मात कधी सूची वाचलेली नाही.) सूचीत तिने हालचाल कमी होण्यावर बोट ठेवलं, पान दोनशे बारा. पुस्तकात दोनशे आठनंतर थेट दोनशे पंचवीस. मग रक्तस्राव, तेही पान नाही. पाच नोंदी तिने एकामागून एक शोधल्या आणि पाचही मिळाल्या नाहीत. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मागच्या वेळी मी दोन दिवस सांगत होते, काहीतरी वेगळं वाटतंय," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, वाईट विचार करू नकोस. मी केला नाही. तू पण त्यांच्यातलीच निघालीस."

मावशी, मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी फक्त विचारलं, पानं परत आणून देऊ का? ती म्हणाली, सगळी.

पण काढलेली पानं होती कुठे? आमच्याकडे रद्दी कागद वाया जात नाही. पुस्तकाच्या कण्याला आतून अस्तर लागतं त्यासाठी तो वापरतात. मीच ती पानं अस्तराच्या ढिगात टाकली होती आणि वस्तादांनी इमानेइतबारे वापरली होती. प्रसूतीतले सगळे धोके आता नऊ वेगवेगळ्या पुस्तकांच्या पाठीत चिकटून बसले होते. सूज बुद्धिबळावरच्या पुस्तकात, रक्तस्राव जगाच्या नकाशांत, आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ एका जाडजूड शब्दकोशात. मी आठ पुस्तकांचे ताजे कणे उसवले आणि किटलीच्या वाफेवर धरून एकेक पान सोडवलं. वस्तादांनी तोंड उघडलं होतं, पण माझ्या नव्या खुर्चीकडे पाहून मिटलं. नववं पुस्तक, ज्यात दोनशे बारा पान होतं, ते बागकामाचं निघालं आणि ग्रंथपालांनी ते आदल्याच दिवशी घरी नेलं होतं. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, मला त्याचा कणा फाडायचाय. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. पुस्तक दिलं, वर पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाले, अशा दिवसांत बाईला जे वाटेल ते करू द्यावं.

मग लिफ्टवालीच्या घरी आम्ही जमिनीवर ती चिकट, सुरकुतलेली पानं पसरली आणि सुरुवातीपासून मोठ्याने वाचली. मी दर दोन ओळींनी पाणी पीत वाचत होते. तिचा चेहरा मात्र प्रत्येक पानागणिक मोकळा होत गेला. तिने एका पुठ्ठ्यावर तक्ता केला, अगदी कामावर करतात तसा: काय दिसलं, तर किती वेळात, काय करायचं. लाल खुणेचं दिसलं तर तसंच उठून रुग्णालय. तक्ता कपाटाच्या दाराला आतून लावला, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं की कित्येक महिन्यांनी ती सलग आठ तास झोपली. ज्या पानांमुळे मला झोप येत नव्हती त्यांच्यावर ही बाई झोपली.

गेल्या मंगळवारी, नववा लागलेला असताना, ती भर दुपारी तळघराच्या जिन्यावर येऊन उभी राहिली. म्हणाली, सकाळपासून हालचाल वेगळी वाटते, लाल खूण आहे, चल. एवढंच. रडणं नाही, पडणं नाही. रुग्णालयात तिच्या पोटावर यंत्राचा पट्टा बांधला, आणि नर्सबाई इकडून तिकडे सरकवत होत्या तेवढ्या वेळात माझी माहीत असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या देवांना हाक मारून झाली. मग आवाज आला. आमच्या खोलीतलं शिवणयंत्र भरधाव सोडल्यावर करतं तसा, दडदडदडदड, थांबायचं नावच नाही. मावशी, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्याशा जागेत एवढी घाई कोणाला असते? बाळ व्यवस्थित होतं. तरी डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या की बरं झालं आलात, असं वाटलं की दर वेळी यायचं. लिफ्टवालीने मान हलवली, माझ्याकडे वळली आणि तेव्हा कुठे रडली. मी तिच्या आधीच सुरू केलं होतं.

आता बाळ कधीही येवो, आमची तयारी आहे. मी अकरा पुस्तकं वाचलेली बाई आहे आणि मला आता कशाचीही भीती वाटत नाही. तुझी औषधं वेळेवर घे, काकांना माझा मोठ्याने नमस्कार सांग.

तुझी,
तळघरातली भाची

ता. क. मुद्दा राहिला. रुग्णालयाच्या कागदावर बाळंतपणाच्या वेळी आत सोबत कोण थांबणार असं विचारलं होतं, तिथे लिफ्टवालीने माझं नाव घातलंय. मी ऐटीत हो म्हणून बसले. मला दाभण टोचून थेंबभर रक्त आलं तरी वस्ताद मला आडवी करून वारा घालतात, हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. तू पस्तीस वर्षं हेच केलंयस. महिनाअखेरीस ये, माझी खाट घे, आणि माझ्याऐवजी आत तू थांब. मी बाहेर बाकावर बसून हवी तेवढी काळजी करीन. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. २. मावशी, नमस्कार. मी लिफ्टवाली. पाकिटाला डिंक लावून घेऊन येते म्हणून ही वर गेली, तेवढ्यात मी पत्र वाचलं. शेवटाकडूनच वाचलं. तुम्ही जरूर या, तुमच्याकडून मला सगळं ऐकायचंय, बिघाडांसकट. पण आत हिच्याऐवजी थांबू नका, हिच्या मागे थांबा. मागच्या वेळी आत माझ्या ओळखीचं कोणीच नव्हतं. ही बेशुद्ध पडणारच असेल, तर आत पडू दे.