दीडपट केलेली कबुतरं

९ मे, शुक्रवार

शहाताचं तोंड बघवत नाही. सुट्टीचा दिवस, आणि हा सकाळपासून आमच्या दोघांच्या खोलीत खाटेवर लोळत फोनवर कबुतरं उडवतोय. "नसीम, हे बघ, आपल्या शुब्रा मोहल्ल्याचा गेम आलाय. गच्चीवर कबुतरं पाळायची, शेजाऱ्याची उतरवून घ्यायची." मला नव्हतं बघायचं. तर फोन थेट माझ्या नाकाला लावला.

ती माझी कबुतरं आहेत.

१० मे

दिवसभर हॉटेलच्या चादरींना इस्त्री केली आणि दिवसभर वगदीला शिव्या घातल्या. गेम त्याचा. सुरुवातीलाच त्याचं नाव, मोठ्या अक्षरात. माझं कुठेच नाही.

इथे परदेशात, अकबाला कामाला यायच्या आधी मी शुब्रात वगदीच्या गच्चीवर पडलेला असायचो. तो खऱ्या कबुतरांना शिट्ट्या मारायचा, मी फोनवर बोटाने एकेक चौकोन भरून चित्रातली काढायचो. रिकामटेकडा छंद. सोळा चौकोन रुंद, सोळा उंच, रंग चारच — त्यात अख्खं कबुतर बसवायचं. डोळा म्हणजे एक चौकोन. तो एक घर पुढे सरकला की पाखरू मेलेलं दिसतं. एकेका डोळ्यावर दुपार जायची. बाबा म्हणायचे, "शाळा सोडली ती ह्यासाठी? पोरींचं भरतकाम!" वगदी एकटाच म्हणायचा, "दे मला, मी उडवतो ह्यांना. गेम दोघांचा." दिली.

मूर्खपणा सगळा. इथे आल्यापासून एक चौकोन भरलेला नाही, आणि बरंच झालं.

१२ मे

चोरी एक वेळ गिळली असती. पण त्या गाढवाने ती दीडपट मोठी केलीत! असली चित्रं दुप्पट करायची, नाहीतर तिप्पट. दीडपट केलं की एक चौकोन जाड होतो, शेजारचा बारीक, कडा वाकड्या दिसतात. डोळे तर भिजवलेल्या वालासारखे फुगलेत. ज्याने जन्मात एकतरी चौकोन स्वतः ठेवलाय तो हे करणार नाही. कुठले कुठले लोक माझं काम बघतायत, आणि ते धुण्यात आटलेल्या सदऱ्यासारखं दिसतंय.

शहाताला दाखवलं. तो म्हणे, "मला तर सरळच दिसतंय. आणि हे तू काढलंस? तू? तुला उशीची खोळ सरळ घालता येत नाही."

बोललोच का त्याच्याशी!

१५ मे, गुरुवार

वगदीला फोन केला.

"अरे नसीम, जिवंत आहेस का उस्ताद?"

"कबुतरं माझी आहेत."

"होती. माझ्या गच्चीवर उतरली. नियम माहीत आहे ना तुला?"

माहीत आहे. पाखरू ज्याच्या गच्चीवर उतरलं त्याचं झालं. मागायला जायचं नाही, गेलं तर गल्लीभर हसं होतं. पण मीही त्याच गच्चीवर वाढलोय. म्हणालो, "तो नियम वैऱ्यांचा. ज्या दोन गच्च्यांमध्ये दोस्ती असते त्या पाखरू परत करतात. आपलं वैर कधी झालं ते सांग."

फोनमध्ये मागे पंख फडफडत होते. गच्चीवरच होता.

"म्हणजे परत हवीत तुला?"

"नाव घाल माझं. नाहीतर परत कर."

"नाव नाही घालणार. तू गेल्यावर एकटा बसलोय मी त्याच्यावर. तू पाखरं दिलीस नसीम, आभाळ मी केलं."

"मग परत कर."

"बरं."

एवढंच. बरं! कशी जिरवली त्याची. दोस्तीचं नाव काढल्यावर आलाच वाटेवर.

१६ मे

आज शहाताने भांडी घासली नाहीत. पातेलं त्याच्या खाटेवर नेऊन ठेवलं.

२० मे

वगदीचा निरोप आला. "पिंजरा उघडलाय. ज्याची आहेत त्याच्याकडे जातील आपली आपण."

माझ्या फोनवर गेम उतरवून बघितला. आत नवी कबुतरं आहेत. कुठून तरी आणलेली, गोल, गुळगुळीत, साबणाच्या वड्यांसारखी. माझं एकही नाही.

माझ्याकडे कुठे येणार ती? ज्या फोनवर काढली तो इथे आल्या आल्या धुलाईच्या टाकीत पडला, संपला. दुसरीकडे कुठेच ठेवली नव्हती. वगदीला लिहिलं, निदान जुनी चित्रं तरी पाठव. त्याचं उत्तर — "मी ठेवली नाहीत. परत केलेलं पाखरू कोण ठेवून घेतं?" मग मला ब्लॉक केलं.

कुत्रा. आणि दोस्तीच्या नियमाची आठवण मीच त्याला करून दिली.

२१ मे

शहाताचा फोन इतका म्हातारा आहे की हा बदललेला गेम त्यात चढतच नाही, जुनाच राहिलाय. तो अजून माझीच उडवतोय, फुगल्या डोळ्यांची, सगळीच्या सगळी.

कामावरून आल्यावर त्याच्यासाठी चहा केला. त्याच्या खाटेपाशी जाऊन म्हणालो, सरक जरा. साल्याने फोन हातात दिला नाही. पण सरकला.