संदेष्ट्याची उलटी पानं

धाकटे भाऊजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. (तुम्ही माझ्याहून दोन महिन्यांनी मोठे आहात हे ठाऊक आहे, पण नात्याने एवढा एकच अधिकार मिळालाय, तो मी सोडणार नाही.) तुमची कंबर कशी आहे? जाऊबाईंचा गुडघा? बाइंडिंगचं दुकान एकट्याने ओढताय, तेव्हा वजनं उचलू नका. मी बरी आहे. तुमच्या दादांना जाऊन तीन वर्षं झाली तरी आधण दोन कपांचं ठेवते आणि दोन्ही मीच पिते, त्यामुळे झोप कमी आणि वाचन जास्त होतं.

त्या वाचनाने काय केलं ते ऐका. वाचनालयात दर बुधवारी दुपारी आमचं मंडळ बसतं. या वेळी हिब्रू धर्मग्रंथातल्या एका संदेष्ट्याची गोष्ट होती आणि बोलायची पाळी माझी. (गोष्ट विधवेची म्हणून विधवेला दिली, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या नाहीत, त्यांचा चेहरा म्हणाला.) दुष्काळात हा संदेष्टा एका विधवेकडे असतो. तिचा मुलगा मरतो, ती त्याला ताडताड बोलते, तो देवाशी भांडून मुलगा उठवून देतो. ती म्हणते, आता पटलं, तू खरा देवाचा माणूस. आणि पान उलटलं की तीच बाई काटक्या वेचत सांगते, मूठभर पीठ उरलंय, ते भाजून खाणार आणि मरणार. त्यावर हा गृहस्थ म्हणतो, कर, पण आधी मला भाकर आण! मग मात्र तिचं पीठ सरत नाही.

मी अर्धा तास बोलले. म्हटलं, लेखक भलता चतुर. मोठा चमत्कार शेवटी ठेवणं कुणालाही सुचतं. याने मेलेलं पोर आधी उठवून टाकलं आणि पीठ शेवटी ठेवलं, कारण रोजचं पुरवणं जास्त अवघड. माणूस गेला की पहिल्या महिन्यात सगळे येतात. पिठाचं कोण विचारतं ते चौथ्या महिन्यात कळतं. (इथे शिंपीणबाईंनी डोळे पुसले. मी जरा फुगले.)

तेवढ्यात आमचे निवृत्त प्राध्यापक चष्मा काढून म्हणाले, "बाई, विवेचन सुंदर. फक्त मूळ गोष्टीत पीठ आधी येतं आणि मुलगा नंतर. तुमच्या प्रतीत पानं उलटी शिवली आहेत." पुस्तक हातोहात फिरलं. कोपरे उंदरांनी खाल्लेले, त्यांच्या पोटात पानांचे आकडेही गेलेले. मागच्या पुठ्ठ्यावर आपल्या दुकानाचा शिक्का मात्र ठसठशीत. "बाइंडर झोपेत शिवत होता वाटतं!" शिंपीणबाई म्हणाल्या. सगळे हसले. बाइंडर कोण ते ग्रंथपालबाईंना आठवलं आणि त्या इतक्या जोरात खोकल्या की पाणी द्यावं लागलं. प्राध्यापक म्हणाले, "अहो, चूक कुणाच्याही हातून होते." मी म्हटलं, "हो ना."

ते "हो ना" मला घरापर्यंत चावत आलं. चाळीस वर्षांत दादांच्या हातून एक पान मागेपुढे झालं नाही. (तुमच्या हातून झालेली त्यांनी निमूट उसवली, तो विषय वेगळा.) असो. गुडघ्याला आणि कंबरेला एकमेकांची सोबत आहे, त्यांना माझा नमस्कार.

तुमची वहिनी

ता. क. पुस्तक दुरुस्तीला तुमच्याकडेच येतंय. परत करताना ग्रंथपालबाईंना चिठ्ठी लिहा, की चूक बाइंडरची नव्हती, त्याच्या बायकोची होती. सुटी पानं मी वाचून दाखवायचे आणि एकेक दादांच्या हातात द्यायचे. त्या दिवशी वाचण्याच्या नादात मुलाचं पान आधी दिलं. अर्धा तास शहाणपण शिकवल्यावर हे सांगायला तोंड उघडेना. माझी अब्रू राहिली, त्यांची गेली.

दुसरा ता. क. चिठ्ठी राहू द्या. येत्या बुधवारी मीच उभी राहून सांगते. शिंपीणबाईंना हसायचं तर माझ्यावर हसू देत. तुम्ही पानं सरळ लावा, पण शिवणीची गाठ कातरीने कापू नका, हाताने सोडवा. ती मारताना दादा म्हणाले होते, "बाई शहाणी आहे." गोष्टीतली की घरातली, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.