शिबुयाच्या चौकात टाकलेली पुडी

४ ऑक्टोबर, शनिवार. लीड्स

पोचले बाई एकदाची! माझा लेक अपूर्व न्यायला आला होता, पोट सुटलंय त्याचं. सुनेनं, अक्षयानं, ही वही दिली. म्हणाली, आई, रोज चार ओळी लिहा, करमेल तुम्हाला. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी म्हशीमागे, तरी माझं अक्षर अपूर्वपेक्षा बरं. नात तनया आठ वर्षांची झाली. इतकी गोड, की बघूनच माझं पोट भरलं. मराठी तेवढं विचारू नका. आजी आला म्हणते, बाबा आली म्हणते. घर म्हणजे काडेपेटी. शेजारच्याला चिकटून दुसरी, तिला चिकटून तिसरी. ह्याचं कौतुक फोनवर ऐकत होते मी इतकी वर्षं! आमच्या बार्शीत गुरांचा गोठासुद्धा सुटा असतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

तनयाला शाळेतून काम दिलंय. जगातला एक गर्दीचा भाग निवडायचा आणि जसा आहे तसा लिहायचा, वाढवायचं नाही, उणं बोलायचं नाही. ही पोरगी जपान घेऊन बसली. टोकियोतलं शिबुया. तिथल्या चौकावर म्हणे कॅमेरा कायम चालू असतो, तो मोठ्या टीव्हीवर लावून ठेवलाय. इथे सकाळचे आठ, तिकडे दुपारचे चार.

मी म्हटलं, ह्यात लिहायचं काय? माणसं रस्ता ओलांडतात. दिवा बदलला की गाड्या सगळ्या बाजूंनी थांबतात आणि माणसं सगळीकडून सुटतात, आडवी, उभी, तिरकी. चहूकडे इमारतींवर टीव्हीच टीव्ही, आणि वर एकही डोकं बघत नाही. स्टेशनासमोर कुत्र्याचा पुतळा, त्याच्यापाशी लोक एकमेकांची वाट बघतात. देव नाही भेटला? तनया रागावली, आजी, हे उणं झालं. बरं, खरं तेही सांगते. कुणी कुणाला धक्का देत नाही. कचऱ्याची पिंपं दिसत नाहीत तरी कचरा फार दिसत नाही. आमच्या स्टँडवर निम्मी माणसं असली तरी माझी चप्पल तुटते. पण मला नाही आवडली ती गर्दी. मुंग्या नुसत्या. कुणाला तोंड म्हणून नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तनयाला ताप. खोकला असा की छाती फुटेल. तिचं लिखाण मिसनं वर्गात वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काल घरी आली ती फणफणत. डॉक्टर म्हणतो पाणी पाजा. पाणी! ह्यासाठी तो इतकी वर्षं शिकला.

दृष्टच ती. मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन मी ओवाळलं. तव्यावर टाकते तोच छतावरची धूर ओळखणारी डबी कोकलायला लागली. अपूर्व धावत आला, आई, घर जाळतेस का! ह्याची स्वतःची दृष्ट आठवड्याला काढायचे मी, तेव्हा नव्हतं घर जळत.

मग ती मीठ-मिरची चौकात टाकायची ठरवली, जो ओलांडेल-उचलेल त्याच्या मागे दृष्ट लागते. अक्षया म्हणाली, अहो आई, रस्त्यावर काही टाकू नका, कौन्सिल दंड करेल. ह्यांचे रस्तेसुद्धा सोवळ्यातले. दुपारी दोघं कामावर, तनया झोपलेली, आणि समोर टीव्हीवर तो एवढा मोठा चौक. म्हटलं, जगात ह्याहून मोठा कुठे मिळणार? कागदात पुडी केली, पडद्याला टेकवली, खाली ठेवली. तेवढ्या मुंग्यांत एखादीला लागलं तर काय बिघडलं? ओळख ना पाळख.

टाकल्यावर मागं बघायचं नसतं, तान्ह्या पोरालाही माहीत आहे. पण टीव्हीच तो. मी चहा घेऊन समोरच बसले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ताप उतरला! पोरीनं दोन पोळ्या खाल्ल्या. अपूर्वला म्हटलं, बघ तुझा डॉक्टर. तो म्हणतो, व्हायरल होतं.

टीव्हीखालची पुडी नाही. अक्षयानं झाडलं असेल म्हटलं. ती म्हणते, कसली पुडी?

चौकात मधोमध काहीतरी पांढरं पडलंय. सगळी माणसं त्याला वळसा घालून जातात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ते पांढरं एका बाईनं उचललं. पारदर्शक रेनकोट घातलेली, खांद्याला पिशवी, कामावरून येत असावी. कचरा म्हणून उचललं असणार, टाकायला जागा शोधत होती. स्वच्छतेचा सोस मेला! मग तिथंच उभी राहिली आणि खोकायला लागली. आवाज येत नाही, पण वाकून वाकून. दिवा बदलला, गर्दी संपली, गाड्या सुटल्या. ही तिथंच.

आता हिला तोंड आहे. तिशीची असेल. कुणाची तरी आई असेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बाई वर बघते. कॅमेऱ्याकडे. माझ्याकडे. पुडी हातावर धरलेली, घ्या म्हटल्यासारखी.

अपूर्वला दाखवलं. त्याला नुसती गर्दी दिसते. म्हणतो, आई, टीव्ही कमी बघ. शहाणा!

संध्याकाळी ती कालच्यापेक्षा मोठी दिसत होती. वायर ओढून काढली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तनया शाळेतून आली. म्हणे, सिग्नलपाशी एक काकू होता, रेनकोटवाला. काय म्हणाली? म्हणे, हे तुझं आहे, आजीनं माझ्याकडे टाकलं.

घेतलंस का? नाही घेतलं. मिस हाक मारत होती.

पाऊस नाही बाहेर. रेनकोट —

अक्षया म्हणते मी पोरीला घाबरवते. उद्यापासून तनयाशी असलं बोलायचं नाही. अक्षयाला काय कळतंय. तिला —

१६ ऑक्टोबर

पोरीला शाळेत पाठवलं नाही, पोट दुखतं म्हणून खोटं सांगितलं. वर झोपवलीय, शाळेच्या हिरव्या स्वेटरातच. दोघं कामावर.

रस्त्यापलीकडे उभी आहे. खोकते. आता आवाज येतो.

तिचं चुकलं नाही काही. मीच टाकली ओळख ना पाळख तिच्या अंगावर. मी म्हातारी, मला लागू दे. माझ्या हातात दे बाई, पोरीच्या नको. खिडकीतून तेच सांगितलं, हात जोडले. तिला मराठी कुठलं —

दारात आली. वही सोडवत नाही —

दारातली पत्रं टाकायची फट उघडली. पुडी आत येतेय. ओली आहे. घेते मी, घेते, हा बघ माझा हा—

माझ्या हाताआधी हिरवी बाही पुढे. तू वर होतीस ना? तनया, सोड ते, आजीकडे दे, तन—