बगळ्याचा कारागीर

प्रिय ताई,

तुझ्या पुस्तकाची मुद्रितं मिळाली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस, की पुस्तक सोमवारी छपाईला जाणार, तोवर बाबांविषयीचा मजकूर तेवढा नजरेखालून घाल. घातला. मग सगळं पुस्तकच वाचलं, आणि मध्ये दोनदा उठून स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. मला तुझा हेवा वाटतो, ताई. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हे पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे, पण तुला ते नवीन नसावं.

बाबांवर तू छान लिहिलं आहेस. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस दूरदूरच्या संग्रहालयांना पत्रं धाडतो आणि जुन्या काळच्या अंगठ्यांतल्या कोरीव खड्यांचे नखाएवढे प्लास्टरचे ठसे जमवतो, दोन हजारांच्या वर. खडा परवडत नाही त्याने ठशावर भागवावं, हे त्यांचं वाक्यही तू घेतलंस. पण पुढे लिहितेस, ‘आम्ही दोघी बहिणी त्यांच्या टेबलाशी बसूनच मोठ्या झालो.’ बसलीस तू. मी न्हाणीघरात प्लास्टरच्या वाट्या धूत होते. “धाकटे, तू प्लास्टर कालव, ताईला बघू दे,” हे त्यांचं वाक्य मात्र पुस्तकात नाही. भिंग तुझ्या डोळ्याला आणि मी कोपरापर्यंत पांढरी. पाहुणे आले की तू त्यांचा उजवा हात असायचीस आणि मी नुसती ‘ही धाकटी’.

प्लास्टर कालवायला येत होतं, म्हणून मी दातांच्या लॅबमध्ये लागले. तक्रार नाही. हात चांगला आहे माझा. अवघड जबडा असला की डॉक्टर माझंच नाव घेऊन पाठवतात. पण तुझ्या भाषणांना टाळ्या पडतात आणि माझं काम लोक रात्री पेलाभर पाण्यात बुडवून ठेवतात. बाबा गेल्यावर ठशांची कपाटं तुझ्याकडे जाणार हे कुणी ठरवलंही नाही, ते ठरलेलंच होतं. मी काही बोलायला गेले तर आई म्हणाली, “तुला गं काय करायचंय त्यांचं?” भावजी टेम्पो घेऊन येईपर्यंत तीन आठवडे ती कपाटं माझ्या खोलीत होती. तेवढे तीन आठवडे.

आता सातव्या प्रकरणाबद्दल. ‘बगळ्याचा कारागीर.’ नऊ पानं. मूळ खडा कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही, जगात त्याचा एकच ठसा उरला आहे आणि तो बाबांच्या खणात, म्हणून तू अगदी हरखून गेली आहेस. एक पाय उचलून मान खाजवणारा बगळा. लिहिलं आहेस, की या माणसाने बगळा रोज जवळून पाहिला असणार. की त्याच्या हाताला घाई ठाऊक नाही. की त्या काळचे बाकीचे बगळे ठशात उजवीकडे बघतात आणि हा एकटाच डावीकडे, म्हणजे सगळ्यांनी घालून दिलेली रीत मोडायचं धाडस त्याच्यात होतं.

धाडस कसलं आलंय, ताई. तो विसरला. बाबांच्या खणातला दुसऱ्याच एका बगळ्याचा ठसा समोर ठेवून, दिसला तसाच त्याने काचेवर कोरला आणि ठसा घेतल्यावर बगळ्याने तोंड फिरवलं. जन्मभर ठसे काढूनही ठसा उलटा येतो हे जिच्या लक्षात राहिलं नाही, ती तुझी रीत मोडणारी. फुटलेल्या निळ्या बाटलीचा तुकडा, लॅबमधलं बारीक ड्रिल आणि जेवणाच्या अकरा सुट्ट्या. बगळा मात्र खरा होता. लॅबमागच्या नाल्यावर रोज यायचा आणि अशीच मान खाजवायचा. ठशाखालची चिठ्ठी बाबांच्या अक्षरात आहे म्हणून तू शंका घेतली नाहीस. त्यांचं अक्षर मला येतं. प्रगतिपुस्तकावर त्यांची सही मीच करायचे.

का केलं, तेही सांगते. तुला तोंडघशी पाडायला. एखाद्या भरल्या सभेत कुणीतरी उठून तुला वेड्यात काढावं, एवढीच माझी इच्छा होती. पंधरा वर्षं वाट पाहिली आणि तू तर त्या बगळ्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीस. त्याचाही मला राग आला होता.

मुद्रितं येऊन चार दिवस झाले. गप्प बसले असते तर पुस्तक छापून आलं असतं आणि माझी इच्छा आज ना उद्या पुरी झाली असती. ती नऊ पानं काढून टाक, ताई, सोमवारच्या आत. निळी काच या पत्रासोबत पाठवते आहे. ठसा काढून बघ, तंतोतंत जुळेल. मला काय बोलायचं ते बोल, आईलाही सांग. पण ती पानं मी चार वेळा वाचली, आणि चौथ्या वेळी मला त्या मेल्या कारागिराचाच हेवा वाटायला लागला. आपल्या घरात माझ्या हातांबद्दल इतकं कुणी कधी बोललं नव्हतं. प्रकरणाच्या शेवटी तू लिहिलं आहेस, की एवढ्या गुणी माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, याची फार हळहळ वाटते. म्हणून कळवते आहे.

तुझीच,
धाकटी