ताटातल्या तांदळावरचं नाव

प्रिय ताई,

पुढे नाव मुद्दामच लिहिलं नाही. काहून, ते शेवटी सांगते. व्हॉट्सअ‍ॅप सोडून कागदावर काहून लिहून राहिली, तेही. माझं शुद्धलेखन तुले माहीत आहे, कॉन्व्हेंटची पोरगी मी, चुका मोजू नको. फक्त पूर्ण वाच. माझ्या होस्टेलवरची चंदा उद्या अकोल्याले घरी चालली, तिच्या हातानं पाठवते. ती म्हणाली, ताईच्याच हातात देईन, आबांच्या नाही.

माझी पीएचडी काय आहे ते आबांले अजून समजलं नाही. पाहुण्यांले सांगतात, लहानी पोरगी राक्षसांच्या नावावर अभ्यास करते. तसं खोटंही नाही! जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्या, त्यातली बनवलेली नावं, बनवलेल्या भाषा. चांगल्या लोकांच्या नावात ल, र, व, सगळं मऊ मऊ. दुष्टांच्या नावात ग, ड, ख. मी मोठ्या ऐटीत चार्ट दाखवला तर आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, मग आपल्या वऱ्हाडातले सगळे खंडुजी अन् गणाजी राक्षसच झाले म्हणायचे! सगळा क्लास हसला. मले पहिल्यांदा वाटलं, हे ताईले सांगावं. फोनही लावला. मग आठवलं, तू आता कोणाचाच उचलत नाही.

आपलं राज्य आठवते का गं? अकोल्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मी आठ वर्षांची, तू चौदाची. दोनशे पानी रजिस्टर, तीनशे चाळीस शब्द. पाण्याचेच तीन होते: नळाचं, टँकरचं आणि आभाळातलं. शब्द मी आणायची, नियम तू करायची. तुझा पहिला नियम, प्रत्येकाले दोन नावं. एक सगळ्यांसाठी, एक गुपित. गुपित नाव दुसरीनं ठेवायचं आणि मरेपर्यंत तिसऱ्याले सांगायचं नाही, कारण ते ज्याच्या हाती गेलं त्याची हाक मोडता येत नाही. तुझं मी ठेवलं होतं. ओरवी. माझं अख्खं दुसरं प्रकरण याच कल्पनेवर आहे, मोठमोठ्या पुस्तकांतही हाच नियम सापडते. टाइप करताना किती खुश होती मी. मूर्ख.

मागच्या शनिवारी मी अकोल्याले आली तेव्हा तुले माहेरी येऊन एकोणीस दिवस झाले होते. आई म्हणे, बोलत नाही, ताटात हात घालते आणि तसाच ठेवते. आबा खोलीबाहेर ‘प्रणाली, अवं प्रणाली’ करत फेऱ्या मारून राहिले होते. तू खिडकीच्या गजाकडे पाहत बसलेली. मी नकला केल्या, आपल्या भाषेतलं गाणं म्हटलं, मॅडमचा किस्सा सांगितला. तुझी पापणी हलली नाही. मग वाटलं, चावी तर आपल्याजवळच आहे. तुझ्या कानाशी येऊन हळूच म्हटलं, ओरवी.

आणि तू उठली. झटकन. पदर सारखा केला, मान खाली घातली, सरळ स्वयंपाकघरात गेली, गॅसवर चहाचं भांडं ठेवलं आणि भिंतीले पाठ लावून उभी राहिली. मनगटावरचा भाजल्याचा डाग पदराखाली. आई तर हरखली, पाहा, पोरगी उठली म्हणे! मी बाथरूममधे गेली, नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

ताई, ते नाव तुझ्या सासरच्यांले मीच दिलं. सोळा वर्षांची होती मी, तुझी पाठराखीण म्हणून मोर्शीले आली होती. ताटात तांदूळ पसरले होते, शिवमभाऊजींच्या हातात अंगठी, आणि सुनेचं नवीन नाव काय लिहायचं यावरून बायांची चर्चा चाललेली. तुझ्या सासूबाई, सत्यवतीबाई, माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू इंग्लिश शाळेतली ना बाई, सांग एखादं नवीन. सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. ओरवी, मी म्हटलं. टाळ्या पडल्या, माझ्या तोंडात पेढा कोंबला. तू माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षं मी ते पाहणं आनंदाचं समजत होती.

येत्या रविवारी सासरचे तुले न्यायले येऊन राहिले. आबा म्हणतात, तिनं एकदा तोंडानं नाही म्हणावं, मग पाहतो कोण नेते; पण ती बोलतच नाही तर मी कोणत्या तोंडानं अडवू? आणि मले म्हणतात, तू मधे पडू नको, तुझं लग्न व्हायचं आहे. मी पडणार. पहिल्या बसनं येणार. पण बस उशिरा पोचली तर? ते दारातून त्याच नावानं हाक मारतील आणि तू उठशील, चपला घालशील. या विचारानं मले चार दिवस जेवण जात नाही.

म्हणून हा कागद. आपलं रजिस्टर माझ्याजवळच आहे, त्याच्या शेवटच्या पानावर तुझ्याच अक्षरात नियम आहे, मी काल पाहिला: ज्यानं नाव ठेवलं तो ते परत घेऊ शकते, स्वतःच्या हातानं लिहून, एका बैठकीत, खोडाखोड न करता. ही तिसरी प्रत आहे, दोन फाडल्या. तर ऐक. ओरवी हे नाव मी, खुशी, आज परत घेऊन राहिली. आता त्या नावाची कोणीच नाही. त्यांले कितीही ओरडू दे, ते दुसऱ्याच कोणाले बोलावून राहिले. तू बसून राहा. तोंडातून ‘नाही’ निघालं तर चांगलंच, नाही निघालं तर गज धरून बस, बाकी मी पाहते. नवीन नाव मी ठेवणार नाही, म्हणूनच वर ‘ताई’पुढची जागा कोरी सोडली. ते तू ठेव. आणि मलेही सांगू नको.

तुझीच, जिनं सांगायचं नव्हतं ते सांगितलं ती,
खुशी